लेकीच्या हातचा दाणा

पेटी आधीच गाडीत चढलेली होती.

मायाक्काच्या थोरल्या भावाची, बापूसाहेबाची, पांढरी गाडी सकाळी सोलापूरहून वस्तीवर आली. त्याच्या पोरानं, नंदीशनं, ती लिंबाखाली लावली आणि नारळाची पिशवी काढायला म्हणून मायाक्का गाडीच्या मागं गेली. डिकी उघडली तर पिशवी कडेला सरकवलेली आणि मधोमध पत्र्याची पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगानं ताजं नाव घातलं होतं. मायाक्का अक्षर जोडत जोडत वाचायची. ते तिला भाचीनंच शिकवलं होतं, सुट्टीत घरी आली की मेंढवाड्यातल्या मातीत काडीनं. सु, क, न्या. खालचं जुनं नाव कुणीतरी खरवडून काढलं होतं, पण पत्र्यानं ते सगळं सोडलं नव्हतं. नंदीशमधला ‘श’ अजून दिसत होता.

“ही कशाला आणली रं?” तिनं विचारलं.

नंदीश गाडीच्या काचेवरची धूळ पुसत राहिला. “देवाचं झालं की तसंच पुढं लातूर. होस्टेलवाल्यांनी आजच्या आज या म्हणलंय.”

“आन देव न्हाय म्हणला तर?”

“आत्ती, मी आज डायव्हर हाय. मला नको इचारू.”

मायाक्कानं पिशवी उचलली आणि डिकीचं झाकण खाली ओढलं. ते लागलं नाही. पुन्हा वर आलं. ते तसंच अर्धवट सोडून ती चालायला लागली. नारळ पिशवीत एकमेकांवर आपटत होते आणि तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. ह्या घराला देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकल्याचं तिला आठवत नव्हतं. कळप घेऊन दसऱ्यानंतर कोणत्या दिशेला जायचं, मेंढरं विकायची का ठेवायची, लेक कुठं द्यायची, सगळं बिरोबाच्या दगडासमोर ठरायचं. दगडाला भंडाऱ्याचा ओला लेप द्यायचा, उजवीकडं एक आणि डावीकडं एक असा ज्वारीचा दाणा लावायचा. सवाल पुरा होईपर्यंत दोन्ही दाणे बोटांनी दाबून धरायचे आणि मग हात काढून घ्यायचा. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला. डावा पडला तर नाही.

दाणा लावायचा तो घरातल्या लेकीनं. सुनेनं नाही, लेकानं नाही. लेकीला ह्या घरातल्या कशाचाच वाटा मिळायचा नसतो, म्हणून तिच्या हाताला लबाडी माहीत नसते, असं जुनी माणसं सांगायची. शिवाय जिचा सवाल तिनं दाणा लावायचा नाही, हाही नेम. थोरली आत्या गेल्यापासून हे काम मायाक्काकडं आलं. ती लग्न होऊन गेली तरी कौलाच्या दिवशी तिला बोलावणं यायचं. नवरा वारल्यावर ती कायमचीच इकडं आली, धाकट्या भावाच्या, बिरप्पाच्या वस्तीवर. तेव्हापासून कळपही तीच बघायची आणि कौलही तीच लावायची.

पण देवाला विचारायच्या आधी पेटी गाडीत चढलेली तिनं आजच पाहिली.

सुकन्या मेंढवाड्याच्या मागं दगडावर बसली होती. बिरप्पाची ही थोरली पोरगी. पाचवीपासून सोलापुरात बापूसाहेबाच्या घरी राहून शिकली. दहावीला चांगले गुण पडले आणि तिथंच घोळ झाला. बापूसाहेबानं लातूरचा क्लास ठरवला. सायन्स, मग नीटची परीक्षा, मग डॉक्टर. पोरगी म्हणाली, मला सोलापुरातच तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय आणि पुढं जमिनीच्या मोजणीचं काम. हे तिनं काकाच्या दिवाणखान्यात, शाळेतल्या पंचाक्षरी मॅडम समोर बसलेल्या असताना सांगितलं. मॅडम निकालानंतर आपल्या मुलांच्या घरोघर जात होत्या. बापूसाहेबानं त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, आणि दार लावल्यावर जे बोलायचं ते बोलला.

“पेटी आलीया,” मायाक्का म्हणाली.

“माहितीय. काकू फोनवर म्हणाल्या, नवीन रंग दिलाय.” सुकन्यानं मातीत काडीनं रेघ ओढली, पुसली. “आत्ती, एक कर. तू काका हो.”

“काय हू?”

“काका. काका बोलतात तसं तू बोल. मी माझं बोलते. मॅडम जीवनकौशल्याच्या तासाला असंच करून घेतात. अवघड माणसासमोर तोंड उघडायचं असलं की आधी सोप्या माणसासमोर बोलून बघायचं.”

“मी सोपी व्हय गं?”

“लई सोपी.”

मायाक्काला हसू आलं. तिनं पदर खांद्यावर टाकला, बापूसाहेब टॉवेल टाकतो तसा. त्याच्यासारखा घसा खाकरला आणि हनुवटी वर केली. “हं. बोला सुकन्याताई. काय म्हणती तुमची शाळा?”

“काका, मला थोडं बोलायचंय. तुम्ही माझ्यासाठी लई केलंय...”

“केलंय न्हवं? मग गप गाडीत बस.”

“आत्ती! मला पुरं बोलू दे की.”

“काका कुटं पुरं बोलू देतोय?”

सुकन्या ताठ बसली. “बरं. काका, मला डॉक्टर व्हायचं नाही. मला रक्ताची भीती नाही, अभ्यासाची बी नाही. मला ते आवडत नाही एवढंच. मला मोजणी शिकायचीय.”

“मोजणी? उन्हात उभी ऱ्हाणार? गडीमाणसांत? हातात झेंडी धरून?” मायाक्काचा आवाज आपोआप चढत गेला. “अगं, तुजा आज्जा जलमभर लोकांच्या बांधावरनं शिव्या खात हिंडला. तुजी आत्ती हिंडली. तुला शिकीवली ती परत बांधावर धाडायला व्हय?”

सुकन्याचे ओठ नुसतेच हलले. मग डोळे भरले. मायाक्का घाबरून पुढं झाली.

“अगं, मी न्हाय बोलली ते. ते दादाचं बोलणं हाय.”

“कळलं गं.” सुकन्यानं मनगटानं डोळे पुसले. “पण त्याला उत्तर हाय माझ्याकडं. शाळेनं आम्हाला मंद्रूपला नेलं होतं, मोजणी बघायला. दोन सख्खे भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावत होते. आणि मोजणीवाली बाई आली, काकांच्या सृष्टीताईएवढीच असंल. तिनं यंत्र उभं केलं, काठी रोवली आणि म्हणाली, थोडं मागं सरा. दोघं बी सरले. आत्ती, आपण कायम बांधाच्या कडंकडंनं चाललो. कुणी बी यावं आणि म्हणावं, ह्यो बांध माझा, मेंढरं काढा. बांध नेमका कुठं हाय ते सांगणारी मला व्हायचंय.”

मायाक्काला मंगळवेढ्याच्या रानातला एक कुळवाडी आठवला. त्यानं तिच्या हातातली काठी हिसकावून घेतली होती आणि ती मोडून दोन्ही तुकडे तिच्याच पुढ्यात टाकले होते. पुढं कळलं, ज्या वाटेवरून त्यानं तिला हाकललं ती त्याची नव्हतीच.

“हेच काकाला सांग.”

“सांगते. पण तू बी सांग की. एवढं जमतंय तुला.”

“मला बोलायचं काम न्हाय ह्या घरात,” मायाक्का म्हणाली. “मला दाणं लावायचं काम हाय.”

देवाच्या कट्ट्याकडून म्हाताऱ्या बापाची, सिदूतात्यांची हाक आली. “ए मायाक्का, दाणं घिऊन ये!”

सुकन्या उठली, कपडे झटकले. जाता जाता म्हणाली, “आज्जा काय इचारणार देवाला?”

“‘सुकन्याला लातूरला धाडू का.’ दुसरं काय?”

“मॅडम म्हणतात, नुसतं हे करू का नको असं कुणी पुढ्यात ठेवलं की थांबायचं. आधी बघायचं, हा प्रश्न मांडलाय कुणी. आणि अजून काय काय करता येतं ते शोधायचं.” ती चालत असतानाच बोलत होती, मायाक्काकडं न बघता. “देवापुढं बी असंच असंल का गं?”

कट्टा बाभळीखाली होता. सिदूतात्या पटका बांधून, मांडीवर घोंगडं घेऊन दगडाच्या डाव्या हाताला बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसायचं पण कान शाबूत होते. बापूसाहेब उभाच होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत. बिरप्पा खाली जमिनीवर उकिडवा बसलेला, आणि त्याची बायको बनाबाई त्याच्या मागं, डोक्यावरचा पदर दातांत धरून.

“उशीर नको तात्या,” बापूसाहेब म्हणाला. “लातूर काय जवळ न्हाय.”

“देवाला काय घड्याळ न्हाय बापू. बस खाली.”

तो बसला नाही. सुकन्या येऊन आईच्या शेजारी उभी राहिली तसं बनाबाईनं तिचा दंड धरला. “काय बी बोलायचं न्हाय. भावजींनी वाढीवलीया तुला. त्येंच्या शब्दाबाहेर जायचं न्हाय.”

“आये, मी अजून तोंड उघडलं का?”

“तुज्या तोंडाची भीती वाटती मला.” मग नवऱ्याकडं वळून, “तुमी बी बोलू नका.”

“मी कुटं बोलतोय?” बिरप्पा म्हणाला. “मी कधी बोललोय?”

सुकन्यानं आईचा हात हळूच सोडवला. “काका, कौलाच्या आधी मला थोडं बोलायचंय.”

“बोल की. त्या तासाला तेवढंच शिकवत्यात. बोलायला.” बापूसाहेब सगळ्यांकडं बघून हसला. “गणिताचा तास कळतो मला, इंग्रजीचा कळतो. ह्यो जगायचा तास कसला? जगायला तास लागतोय व्हय? आमी काय मेलो न्हाय त्याच्याबिगार.”

कुणी हसलं नाही. सुकन्यानं मघाचंच सांगितलं. मंद्रूपचे दोन भाऊ, ती बाई, ती काठी. तिचा आवाज वर चढला नाही. मायाक्का लेप कालवता कालवता ऐकत होती आणि पोरीचं पुढचं वाक्य मनात आधीच म्हणत होती.

बापूसाहेब सगळं ऐकून घेतल्यावर बोलला तेव्हा त्याचं हसू गेलेलं होतं.

“सुकन्या, तुला तुजी आज्जी आठवत न्हाय. गोजरबाई. तू झाली न्हवतीस. पोटात दुखतंय म्हणून तिला दवाखान्यात नेली. बाकड्यावर बसीवली. मी दर खिडकीला जाऊन हात जोडत हुतो आन दर खिडकीवाला म्हणत हुता, तिकडं जा. आई बाकड्यावरच गेली. आत आपलं एक माणूस असतं, पांढरा कोट घातलेलं एकच, तर ती बसली असती का बाकड्यावर?” त्यानं किल्ली खिशात टाकली. “तवाच ठरीवलं हुतं, ह्या घरात एक डाक्टर करीन. नंदीशवर ताकद लावली. त्येचं नशीब. आता तू हायस. तुला मोजणी आवडती, मला कळतंय. पण आवडतंय म्हणून सगळं करायचं असतं तर मी बी दुकानात बसलो नसतो.”

बनाबाई रडायला लागली होती. सिदूतात्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे टिपले. मायाक्काच्या हातातला लेप घट्ट होत चालला होता. आईचा तो दिवस तिलाही विसरता येत नव्हता. दादा खोटं एक अक्षर बोलला नव्हता आणि तेच अवघड होतं.

“झालं?” तात्या म्हणाले. “आता देवालाच इचारू. लाव माये.”

तिनं दगडावर लेप दिला. पाटीतली चिमूटभर ज्वारी मुठीत घेतली. तात्यांनी डोळे मिटले, हात जोडले.

“बिरोबा, तुजी लेकरं हायत. सांभाळून घे. सुकन्याला लातूरला धाडू का...”

सवाल पुरा झाला तरी दगडावर दाणा नव्हता. मायाक्काची मूठ मिटलेलीच होती.

“लावलंस का?” तात्यांनी डोळे उघडले.

“न्हाय.”

“का गं? दाणं न्हायत?”

“हायत. पर तात्या, ह्यो सवाल माज्या हातनं लागायचा न्हाय.”

बाभळीवरचा होला उडून गेला तेवढाच आवाज झाला. बिरप्पानं मान वर केली. आपली आक्का काय बोलली हे त्याला पटकन कळलंच नाही.

“म्हंजे?” बापूसाहेब पुढं आला. “बनाबाई, तू लाव.”

“सुनंच्या हातचा चालत न्हाय,” तात्या म्हणाले.

“मग सुकन्या लावंल. ती बी लेकच हाय.”

“जिचा सवाल तिनं लावायचा न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय?” म्हातारा मायाक्काकडं वळला. त्याला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून त्यानं कान तिच्याकडं केला. “माये, काय झालं तुला?”

इतकी वर्षं ह्या कट्ट्यावर मायाक्का एक हात होती, बाकी काही नाही.

“तात्या, माज्या टायमाला तुमी काय इचारलं हुतं, ध्यानात हाय?”

“कवाच्या?”

“मी धा वर्साची हुती. मास्तर घरी आले हुते, पोरगी हुशार हाय म्हणून. तुमी कौल लावला. इचारलं, ‘मायाक्काला कळपामागं घिऊ का?’ थोरल्या आत्तीनं दाणं लावलं. उजवा पडला. मी कळपामागं गेली. तुमास्नी दोष न्हाय तात्या, देवाला बी न्हाय. पर ‘मायाक्काला शाळंत ठिवू का’ असं इचारलं असतं तर? देव त्याला बी व्हय म्हणला असता आसंल. कुणी इचारलंच न्हाय. मी आजपतोर हेच धरून हुती, की देवानं मला शाळंतनं काढली.”

तात्यांचा हात घोंगड्याच्या दशा चाचपत राहिला.

“ही सगळी त्या मॅडमची फूस हाय,” बापूसाहेब म्हणाला. “पोरीची डोस्की फिरीवली ती फिरीवली, आता म्हाताऱ्या बायास्नी बी लागण झाली.”

“म्हातारी तुजी बायकू,” मायाक्का म्हणाली. ते तिच्या तोंडून असं झटकन गेलं की गाडीजवळ उभा असलेला नंदीश फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. “आन दादा, पेटी आदी गाडीत घालून मग देवाला इचारायचं, ह्यो कुठल्या गावचा नेम? म्या बगितली ती.”

बापूसाहेबानं बापाकडं पाहिलं. तात्यांची मान सावकाश त्याच्या दिशेनं वळली. “पेटी आणलीस?”

“सोयीचं म्हणून. तात्या, देव काय न्हाय म्हणणार हाय व्हय?”

“ते तू देवाला इचारायच्या आदीच ठरीवलंस.” म्हाताऱ्याचा आवाज मऊच होता. मग मायाक्काला, “तुला काय पायजे सांग.”

“सवाल पोरगी घालंल. तिचा हाय, तिनं घालावा. मी दाणं धरती.”

“बायकांनी सवाल घालायचा?” बनाबाई दचकली.

“तसा नेम न्हाय,” तात्या म्हणाले. “पर घालू नये असा बी नेम म्या ऐकला न्हाय. बिरप्पा, तू बाप हायस. तुजं काय म्हणणं?”

बिरप्पानं बायकोकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. बोटानं जमिनीवरची एक लेंडी बाजूला केली. “घालू दे की,” तो पुटपुटला. “तिचीच जिंदगी हाय.”

बनाबाई त्याच्याकडं बघतच राहिली.

सुकन्या कट्ट्यावर चढली. मायाक्कानं लेपावर पाणी शिंपडलं आणि दोन दाणे दोन्ही बाजूंना दाबून धरले. तिला वाटलं, पोरगी आता डिप्लोमाचं विचारेल. सुकन्या हात जोडून म्हणाली, “बिरोबा, माझ्या शिक्षणाचं मी ठरवू का?”

मायाक्कानं हात काढला.

ऊन वर आलं होतं. लेप कडेनं सुकायला लागला, पिवळा रंग फिकट होत गेला. दाणे जागचे हलेनात. बापूसाहेब येरझाऱ्या घालत होता, त्याच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता. एक मुंगी दगडावर चढली, उजव्या दाण्यापाशी गेली, त्याच्याभोवती फिरली. सगळ्यांचे डोळे त्या मुंगीवर. बनाबाईनं श्वास धरला होता, आणि तो कोणत्या बाजूनं धरलाय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुंगीनं दाणा सोडला आणि ती वर निघून गेली.

मग डावा दाणा पडला.

टप्पकन आवाजही झाला नाही. आत्ता होता, आत्ता नव्हता.

“पडला का? कंचा?” तात्यांनी विचारलं.

शेवटी मायाक्कालाच सांगावं लागलं. “डावा, तात्या.”

“झालं,” बापूसाहेब म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, सुटल्याचा होता. “पोरीनं घातला, लेकीनं लावला, देवानं सांगितलं. आता कुणाचं काय ऱ्हायलं न्हाय. नंदीश, गाडी काढ.”

मायाक्काला वाटलं, आपणच ढकललं पोरीला खड्ड्यात. दुसरा सवाल घातला असता, निदान एक बाजू तरी... पण सुकन्या कट्ट्यावरून उतरली नाही. तिचे ओठ हलत होते. मघा मेंढवाड्यामागं काकाचं उत्तर ऐकून रडण्याआधी हलले होते तसेच. ह्या वेळी ती रडली नाही.

“काका, देव नाही म्हणाला ते मला मान्य हाय,” ती म्हणाली. “मी ठरवायचं नाही. मग कुणी ठरवायचं? ते तर अजून इचारलंच नाही.”

“म्हंजे?”

“तुमचं नाव घेऊन इचारू की. ‘सुकन्याचं बापूसाहेबानं ठरवावं का?’ उजवा पडला तर मी गप गाडीत बसते. परत तोंड उघडणार नाही, देवाच्या पायाची शपथ.” ती वळली. “आत्ती, दाणे हायत का?”

“हायत की. चिक्कार हायत.”

तात्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली. “बरुबर हाय. नेमात बसतंय. बापू, घालू तुज्या नावानं?”

बापूसाहेबानं तोंड उघडलं. ‘घाला’ एवढाच शब्द होता. तो तोंडापर्यंत आलेला मायाक्कानं पाहिला, आणि थांबलेलाही पाहिला. आजवर ह्या घरात सवाल सगळ्यांचे लागले होते, पण ठरवणाऱ्याचं नाव कुणी दगडापुढं घेतलं नव्हतं. उजवा पडला तर ठीक. पण डावा पडला तर? मग एकट्या सुकन्याचा विषय राहणार नव्हता. बिरप्पाचा अर्धा कळप विकायला लावला तो, सृष्टीचं लग्न अक्कलकोटला ठरवलं ते, सगळं पुन्हा दगडापुढं येऊन उभं राहिलं असतं, आणि तेही ह्या सगळ्यांच्या देखत.

त्याची नजर गाडीकडं गेली. नंदीश अजून तिथंच उभा होता, किल्ली मागायला आला नव्हता.

“पप्पा,” नंदीश म्हणाला, “माझ्या टायमाला उजवा पडला होता.”

“मग?”

“काय न्हाय. ‘नंदीशला लातूरला धाडू का,’ एवढंच इचारलं होतं. धाडलं.” त्यानं पेटीकडं बोट केलं. “दोन वर्सं मी त्याच पेटीवर बसून रडलोय. तुमास्नी कधी सांगितलं न्हाय.”

बापूसाहेब आपल्या पोराकडं असा बघत राहिला की जणू तो इतका वेळ तिथं नव्हताच.

“घालू का रं बापू?” तात्यांनी पुन्हा विचारलं.

“नको,” बापूसाहेब म्हणाला. “देवाला सारका सारका तरास देऊ नये.”

“मग माज्या नावानं घालू?”

कुणी काही बोलण्याआधी म्हाताऱ्यानंच मान हलवली. “नको. मला बी नको.” आणि त्यांनी घोंगडं खांद्यावर घेतलं. कौल मोडला तो असा. उजवा दाणा अजून दगडावर होता.

बापूसाहेब सुकन्यासमोर येऊन उभा राहिला. “काय करायचं ते कर. मी आडवा येणार न्हाय. पर माज्या घरात राहून न्हाय. रोज सकाळी तुला त्या कालिजात जाताना बगायची, माज्यानं व्हायचं न्हाय.” त्याचा आवाज फाटला आणि तो त्यानं मोठ्यानं झाकला. “नंदीश, पेटी उतरीव!”

तो गाडीकडं चालत गेला, पुढच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं.

“बघितलंस?” बनाबाई पोरीवर धावली. “कुटं ऱ्हाणार सोलापुरात? हितनं रोज येणार-जाणार हायस? कुणाच्या जिवावर?”

एवढा वेळ ताठ राहिलेली सुकन्याची मान आता खाली गेली. मॅडमच्या तासाला ह्याची तालीम झाली नसावी.

तात्या काठी चाचपत उठले. मायाक्कानं त्यांना हात दिला तसा त्यांनी तो धरूनच ठेवला. “माये, तुजं बी काय इचारायचं ऱ्हायलं असंल तर आज इचार. मी सवाल घालतो. दाणं सुकन्या धरंल.”

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मायाक्कानं मूठ उघडली. घामानं दाणे तळव्याला चिकटले होते, ते तिनं बोटानं सोडवले आणि परत पाटीत टाकले.

“इचारायचं न्हाय तात्या. सांगायचं हाय. मी पोरीसंगं सोलापूरला जाती. खोली बगू. दोगी ऱ्हाऊ.”

“आन मेंढरं, आक्का?” बिरप्पा उठून उभा राहिला.

“तुजीच हायत की ती. हाक आता.”

“मला वळकत तरी हायत का ती?”

“वळक कर. चार दिस मागं मागं हिंड, वळकतील.”

बनाबाई रडता रडता थांबली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि नणंदेकडं पाहिलं. “वन्सं, तुमचं लुगडं तरी दुसरं घ्या,” ती म्हणाली आणि झोपडीकडं वळली. “भाकरी बांधून देती.”

मायाक्का गाडीकडं गेली. नंदीशनं पेटी अर्धी बाहेर ओढली होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “सोलापूरपतोर गाडी मोकळीच चाललीया न्हवं?”

नंदीशचे हात तिथंच थांबले. त्यानं काचेतून पुढं पाहिलं. बापूसाहेबाचं डोकं पाठमोरं दिसत होतं, टॉवेल मानेवर, नजर समोरच्या रस्त्यावर. त्यानं ऐकलं होतं. मायाक्का थांबली. सुकन्या तिच्यामागं येऊन उभी राहिली होती, हातात चपला. तिनं त्या घातल्याही नव्हत्या. वस्तीवर कुठंतरी बनाबाईनं ताट आपटलं. वाड्यातलं एक कोकरू आईला शोधत ओरडलं.

नंदीशनं पेटी हळूच परत आत सरकवली.

पुढचं डोकं हललं नाही.

“डिकी जोरात आपट,” पुढून आवाज आला. “न्हायतर वाटंत उघडती.”

नंदीश पुढं झाला, पण झाकणाला हात मायाक्कानं घातला होता. तिनं ते डोक्याच्या वर नेलं आणि सगळ्या अंगाचं बळ लावून खाली आपटलं.